फेरो, तुली, लातुम: एका क्रियापदाची तीन तोंडं

एपिसोड ऐकलेल्यांनी परत वाचायला हरकत नाही, आणि लोकलमध्ये नेट गेलं म्हणून वाचणाऱ्यांचं खास स्वागत. यात लॅटिन शब्द बरेच आहेत. ते नुसत्या डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणा. शेजारचा बघेल, बघू दे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. लॅटिन शिकायला लागून चार महिने झाले होते. परीक्षेत छापील शब्दकोश चालायचा, मोबाईल नाही. पेपरात दोन छोटी वाक्यं आली. पहिलं : ‘नुंतिउस एपिस्तुलम तुलित’. नुंतिउस म्हणजे निरोप्या, एपिस्तुला म्हणजे पत्र, एवढं येत होतं. ‘तुलित’ काही कळेना. शब्दकोशात तिथे जवळपास जे जे होतं ते सगळं पालथं घातलं. नाहीच. जागा कोरी सोडली. दुसरं वाक्य : ‘एपिस्तुला लाता एस्त’. ‘लातुस’ म्हणजे रुंद, हे मला पाठ होतं. मी ऐटीत लिहिलं, ‘पत्र रुंद आहे.’

उत्तर होतं : निरोप्याने पत्र आणलं. पत्र आणलं गेलं.

तुलित आणि लाता ही दोन्ही रूपं एकाच क्रियापदाची निघाली, आणि ते शब्दकोशात तिसऱ्याच ठिकाणी बसलेलं : फेरो. त्या रात्री मी ठरवून टाकलं की ही भाषा मुद्दाम छळायला बनवली आहे आणि आपण आता बास करायचं. केलं नाही, कारण त्याच आठवड्यात माझी तीन वर्षांची भाची म्हणाली, “आजोबा गावाला जाले.”

सगळे हसले. मी नाही हसले. तिचं काय चुकलं होतं? बस–बसले, ऊठ–उठले, मग जा–जाले. नियम तिने बरोब्बर लावला होता. आपणच ‘गेले’ म्हणतो आणि त्यात काही विचित्र आहे असं आपल्याला वाटतही नाही. ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’पासून. दोन वेगळी क्रियापदं मराठीत एका संसारात नांदतायत. इंग्रजीत गो आणि वेंट, तीच गोष्ट. फेरोचं प्रकरण नेमकं हेच आहे, फक्त तिथे तोंडं तीन दिसतात.

लॅटिन क्रियापद शिकताना त्याची चार मुख्य रूपं एका दमात पाठ करतात. याची आहेत : फेरो, फेर्रे, तुली, लातुम. फेरो म्हणजे ‘मी वाहून नेतो किंवा नेते’, आणि शब्दकोशात नोंद या रूपाखाली सापडते. फेर्रे म्हणजे नेणे. तुली म्हणजे ‘मी नेलं’. लातुमवरून ‘नेलेला’ हे विशेषण होतं, लातुस. माझं रुंद पत्र इथूनच आलं. रुंद या अर्थाचा लातुस हा निव्वळ हमशकल.

वर्तमानकाळ आधी बघू. नियमित क्रियापद घ्या, रेगो, म्हणजे ‘मी राज्य करतो’ : रेगो, रेगिस, रेगित, रेगिमुस, रेगितिस, रेगुंत. आता आपलं : फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुंत. फरक ऐकू आला? मी, आम्ही आणि ते, ही तीन रूपं नियमात आहेत. तू, तो आणि तुम्ही, या तिघांत मधला ‘इ’ गायब. आज्ञार्थातही शेपूट नाही : ‘राज्य कर’ला रेगे, पण ‘आण’ला नुसतं फेर. अपूर्ण भूतकाळ फेरेबाम अगदी सरळ. भविष्यकाळही सरळ : फेराम, फेरेस, फेरेत. म्हणजे वर्तमानातले थोडे स्वर सोडले तर हे पोर सालस आहे. गोंधळ भूतकाळात.

पण भूतकाळाचीही गंमत बघा. तुली, तुलिस्ती, तुलित, तुलिमुस, तुलिस्तिस, तुलेरुंत. प्रत्यय शंभर टक्के नियमित! एकदा ‘तुल्’ हातात आलं की पुढे पाठ करायला काही उरत नाही. मला हे कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता प्रश्न, हे ‘तुल्’ आलं कुठून. इथे आपल्याला फायदा आहे, कारण उत्तर आपल्या घरात आहे. लॅटिन आणि संस्कृत एकाच जुन्या भाषाकुळातल्या. संस्कृतचा शब्दारंभीचा ‘भ’ लॅटिनमध्ये ‘फ’ होतो : भ्रातृ तिकडे फ्रातेर. तसंच भरामि तिकडे फेरो. आपण ‘भार’ म्हणतो तो याच धातूचा. तुलीचं मूळ वेगळं, उचलणे या अर्थाचं. संस्कृतात त्यातून तुला आली, म्हणजे तराजू, आणि आपलं तोलणे, तोल हेही त्याच घरातले. लातुम परका वाटतो, पण तो तुलीचाच सख्खा भाऊ. आधी तो ‘त्लातुम’सारखा होता. सुरुवातीचं ‘त्ल’ रोमन जिभेला जड गेलं, त गळाला. म्हणजे तोंडं तीन, पण धातू दोनच : एक भार, एक तोल. ग्रीकची तर कमाल, तिथे याच अर्थाच्या क्रियापदात खरोखरच तीन धातू आहेत : फेरो, ओइसो, एनेंका. त्यांच्या विद्यार्थ्यांना माझा नमस्कार.

तुली फेरोकडे गेल्यावर मूळ घरात काय झालं? लॅटिनमध्ये ‘तोल्लो’ म्हणजे उचलणे. त्याचा भूतकाळ फेरोने पळवला. मग त्याने सुफ्फेरो या जोडक्रियापदाची रूपं उचलली : सुस्तुली, सुब्लातुम. संगीत खुर्चीच म्हणा ना.

अर्थाकडे येऊ. मराठीत आपण नेणे आणि आणणे वेगळं ठेवतो. फेरोला एकट्याला दिशा नसते, संदर्भ सांगेल ते. दिशा पक्की करायची तर पुढे उपसर्ग लागतो. ‘अद’ म्हणजे कडे, आफ्फेरो, आणणे. ‘अब’ म्हणजे पासून. आउफेरो, दूर नेणे. पण उपसर्ग पुढच्या अक्षराशी जुळवून घेतो, त्यामुळे रूपं अशी होतात : आफ्फेरो, अत्तुली, अल्लातुम. आणि आउफेरो, अब्स्तुली, अब्लातुम. या अब्लातुमवरून ‘अब्लेटिव’ हे विभक्तीचं नाव आलं. आपली पंचमी आठवा, घरून, पुण्याहून, तोच ‘पासून’चा भाव.

शिवाय फेर्रे म्हणजे सोसणे, झाडाने फळ धरणे, आणि सांगणेसुद्धा. ‘फेर्तुर’ म्हणजे ‘असं म्हणतात की’, बातमी जणू तोंडातून तोंडात वाहून नेली जाते. रोममध्ये कायदा मांडणे म्हणजे ‘लेगेम फेर्रे’, कायदा आणणे. लेजिस्लेटर या शब्दातला शेवटचा ‘लेटर’ म्हणजे हाच लातोर, आणणारा. पोस्टाच्या लेटरशी संबंध नाही, तेवढा घोळ मी एकटीने घातला ते पुरे.

आता रोजचं. डॉक्टर पेशंटला ‘रेफर’ करतात आणि तुम्ही रील बघून म्हणता, ‘रिलेट झालं यार’. रेफेरो आणि रेलातुम, एकाच क्रियापदाची दोन रूपं. फाईल ‘ट्रान्सफर’ करता, वाक्य ‘ट्रान्सलेट’ करता, तिथेही तेच. आणि पुस्तकाच्या तळटिपेत ‘सीएफ’ दिसतं ना? ते कोन्फेर, म्हणजे ‘ताडून बघ’. तोच बिनशेपटीचा ‘फेर’, आजही आपल्याला हुकूम सोडतोय.

मग हजार वर्षांत कुणी याला सरळ का नाही केलं? कारण ते रोज लागायचं. क्वचित कानावर पडणारा शब्द मुलं नियमाने बनवतात आणि हळूहळू तोच रूढ होऊ शकतो. पण ‘गेला’ दिवसातून पन्नासदा ऐकू येतं, नियम लावायला फुरसतच मिळत नाही. म्हणून कुठल्याही भाषेत अनियमित क्रियापदं बहुतेक नेहमीची असतात : जाणे, येणे, करणे, असणे, नेणे. विचित्र दिसतं म्हणून ‘नंतर बघू’ म्हटलंत तर पानापानावर अडाल. मी अडले.

माझी पद्धत सांगते. चार रूपं चालीत म्हणायची, मग उपसर्ग लावून तीच परत : रेफेरो, रेफेर्रे, रेत्तुली, रेलातुम. रेत्तुलीतला जोड ‘त्त’ दिसला? जुन्या लॅटिनमध्ये तुलीचं रूप ‘तेतुली’ होतं, प्लाउतुसच्या नाटकांत ते सापडतं. त्यातला एक त इथे अडकून राहिला.

भाची आता पाच वर्षांची आहे आणि ‘गेले’ म्हणते. कुणी शिकवलं नाही. तुमच्यासाठी एक वाक्य ठेवते, कमेंटमध्ये मराठी करून टाका : ‘नुंतिउस एपिस्तुलम अब्स्तुलित’. पत्राचं काय झालं?