ब्रेकच्या लायनिंगची गोष्ट

पालघर जिल्ह्यातल्या तलासरीहून आच्छाड नाक्याकडे जाताना महामार्गाच्या कडेला जॅकवर चढवलेला ट्रक दिसला, तर जरा थांबून बघावं. चाक बाजूला टेकवलेलं असतं, ब्रेक शू खाली मांडलेला असतो आणि कारागीर जुन्या रिव्हेटी उडवून झिजलेलं लायनर सोडवत असतो. घरी बांधलेल्या छोट्या विमानाच्या चाकाशीही याच जातीचं काम चालतं. ट्रकला ड्रम असतो, विमानाला डिस्क. पण लायनिंग, रिव्हेट आणि हाताचा अंदाज दोन्हीकडे सारखाच लागतो.

घरी विमान बांधणं म्हटलं की मराठी माणसाला कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात बीकेसीच्या मैदानात लोकांपुढे ठेवलं. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला. उड्डाण चाचणीची परवानगी यायला 2019 उजाडलं, आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात गेलं. बांधण्याइतकीच चिकाटी कागदांसाठी लागली, आणि त्यांनी ती दाखवली. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आपण उड्डाणाचे फोटो बघतो. ब्रेकचा फोटो कोणी काढत नाही. समजा, 600 किलोचं विमान उतरून ताशी 80 किलोमीटर वेगाने धावपट्टीवर पळतंय. ते निव्वळ ब्रेकवर थांबवायचं तर जवळजवळ 150 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. अर्धा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता दोन छोट्या चाकांच्या डिस्क आणि लायनिंगने पोटात घ्यायची असते. उतरताना वेग दुप्पट असेल, तर हाच भार चौपट होतो.

हलक्या विमानांत सर्रास आढळणाऱ्या क्लीव्हलँड पद्धतीच्या ब्रेकचं एक सुख आहे: लायनिंग बदलायला चाक काढावं लागत नाही. मागच्या पट्टीचे बोल्ट सोडले की पट्टी हातात येते आणि कॅलिपर आपल्या खुंट्यांवरून सरकून बाहेर निघतो. तेलाची नळी सोडली नसेल, तर हवा काढायचीही गरज पडत नाही. जुनी रिव्हेट काढायची, पट्टी पुसून घ्यायची, नवं लायनिंग ठेवायचं आणि रिव्हेटीचं तोंड हलक्या घावांनी फुलवत न्यायचं. घाव तिरका पडला तर लायनिंगला तडा जातो. कमी पडला तर लायनिंग हलतं. बोटांनी दाबून, हलवून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. लायनिंगची जाडी अडीच मिलिमीटरवर आली की ते बाद. बोल्ट मात्र अंदाजाने आवळायचे नाहीत, टॉर्क पान्यानेच.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे. डहाणूच्या खाऱ्या हवेत दाराच्या कड्या गंजतात, तिथे कॅलिपरच्या खुंट्या कशा सुटतील? खुंटी अडकली की कॅलिपर मोकळा सरकत नाही आणि एका बाजूचं लायनिंग दुसऱ्याआधी संपतं. म्हणून त्या घासून लख्ख ठेवायच्या. ग्रीस फासायचं नाही. त्याला धूळ चिकटते.

तेलाची गफलत तर सगळ्यात वाईट. या विमानांच्या ब्रेकमध्ये लाल रंगाचं खनिज हायड्रॉलिक तेल असतं. गाडीचं ब्रेक ऑइल त्यात ओतलं की आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. दुकानात दोन्ही ‘ब्रेकचं तेल’ म्हणूनच मागितली जातात, म्हणून डब्यावरचं नाव वाचायचंच.

बसवलं म्हणजे झालं, असंही नाही. नवं लायनिंग डिस्कशी जुळवून घ्यावं लागतं. सेंद्रिय लायनिंग असेल तर ब्रेक हलका दाबून धरत विमान काही अंतर सावकाश पळवायचं, मग दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं, आणि इंजिनाला जोर देऊन ब्रेक धरतो का ते बघायचं. ही थंड होण्याची वेळ चुकवायचा मोह भल्याभल्यांना होतो.

1932 च्या 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमानातून. त्या विमानाला हवेत वेग कमी करायची एक सुंदर युक्ती होती: चाकांच्या पायांवरची आवरणं नव्वद अंशांनी फिरवून वाऱ्याला आडवी करायची. थांबण्याचा विचार तेव्हाही उडण्याइतकाच बारकाईने झाला होता.

2018 मध्ये राज्य सरकारने अमोल यादवांच्या कंपनीशी विमान कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. त्यासाठी जागा ठरली होती ती याच पालघर जिल्ह्यात. इथे विमानाचा कारखाना जेव्हा केव्हा उभा राहील, तेव्हा पहिल्या भरतीत तलासरी-डहाणूच्या गॅरेजमध्ये लायनर ठोकणाऱ्या पोरांना बोलवा. रिव्हेट त्यांना शिकवावी लागणार नाही. टॉर्क पाना आणि नोंदवही तेवढी हातात द्या.