फोडणीआधीचा वाटा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आली होती. शनिवारी संध्याकाळी चार घरची मंडळी जमली होती आणि भेळेचा बेत होता. चिरलेला कांदा ओट्यावर अगदी आत सरकवून ठेवला होता, कारण कांदा कुत्र्याला चालत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. चिंच-गुळाच्या चटणीचं वाडगं मात्र बैठ्या टेबलावर राहिलं. आम्ही फोटो काढायला मागच्या अंगणात गेलो आणि परत येईपर्यंत बिट्टूने वाडगं चाटून लख्ख केलं होतं.

बिट्टू १२ किलोची, शेल्टरमधून आणलेली. सगळे हसले. "आंबट-गोड आवडलं वाटतं पोरीला," आई म्हणाली. मीही हसले. चटणीत लसूण तर नव्हता ना, एवढ्याच शंकेने मी प्राण्यांच्या विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरबाईंनी घटक विचारले. खजूर, गूळ, जिरं, सैंधव, चिंच. चिंच म्हटल्यावर त्या थांबल्या. "चिंच किती होती? खाऊन किती वेळ झाला?" लसणाचं त्यांनी पुढे विचारलंच नाही. अर्ध्या तासात आम्ही बिट्टूला घेऊन इमर्जन्सी दवाखान्यात होतो.

मी पेशीजीवशास्त्रात संशोधन करते, पशुवैद्य नाही. पण पीएच.डी.ची पाच वर्षं मी ज्या पेशी वाढवल्या, त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्याच होत्या. त्या पेशींचा आणि चिंचेचा संबंध मला त्या रात्री वेटिंग रूममध्ये बसून फोनवर वाचताना कळला. तो तुम्हालाही माहीत असावा म्हणून हा लेख.

नाव नको, घटक बघा

"कुत्र्याला केचप चालतं का? मस्टर्ड? लोणचं?" असे प्रश्न आपण विचारतो. त्यांना सरळ हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक बाटलीत आणि प्रत्येक घरच्या बरणीत वेगळं काहीतरी असतं. तोंडीलावण्यांच्या बाबतीत घटकांची यादी वाचायची आणि त्यात मुख्यतः चार गोष्टी शोधायच्या: कांदा-लसूण, झायलिटॉल, टार्टारिक आम्ल आणि मीठ.

कांदा-लसूण: उशिरा कळणारं विष

कांदा, लसूण, कांद्याची पात, लीक, शॅलट ही सगळी एकाच कुळातली. ती चिरली किंवा चावली की त्यांतली गंधकयुक्त संयुगं मोकळी होतात. कुत्र्याच्या शरीरात गेल्यावर त्यांपासून बनणारे पदार्थ लाल रक्तपेशींमधल्या हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण करतात. असा मारा निस्तरायला आपल्या लाल पेशींमध्ये कॅटलेज नावाचं विकर भरपूर असतं. कुत्र्यांच्या लाल पेशींमध्ये ते कमी असतं. बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे पेशीच्या आवरणाला चिकटून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या या गोळ्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. रॉबर्ट हाइन्झ या जर्मन वैद्याने १८९० मध्ये त्यांचं वर्णन केलं. केचपच्या बाटलीवरच्या हाइन्झशी त्यांचं फक्त आडनाव जुळतं. अशा पेशी रक्तातच फुटतात किंवा प्लीहा त्या वेचून काढते, आणि कुत्र्याला रक्तक्षय होतो.

किती कांदा म्हणजे जास्त? कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला, तर धोका धरून चालावं. बिट्टूसाठी हे होतात ६० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा मध्यम कांदा. लसूण त्याहून तीव्र. शिजवून किंवा तळून हे विष जात नाही, आणि वाळवल्यावर तर ते थोडक्या जागेत गोळा होतं. कांद्यात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं, म्हणजे एक ग्रॅम पावडर ही आठ-नऊ ग्रॅम ताज्या कांद्याची झाली. म्हणून जमिनीवर सांडलेला केचपचा थेंब चाटला तर घाबरायचं कारण नाही. पण कांदा-लसूण मसाल्याची पुडी, पावभाजीचं भांडं किंवा ग्रेव्हीचा डबा फोडला तर ती वेगळी गोष्ट आहे.

यातली फसवी बाब म्हणजे वेळ. पहिल्या दिवशी उलटी-जुलाब होतील किंवा काहीच होणार नाही. रक्तक्षयाची लक्षणं दिसायला बहुधा काही दिवस जातात: फिक्या हिरड्या, थोड्या चालण्याने धाप, गळून जाणं, गडद तांबूस लघवी. रविवारच्या पावभाजीचा गुरुवारच्या आजाराशी संबंध पटकन कोणी लावत नाही. रोज थोडं थोडं देत राहिलं तरी पेशींचं नुकसान साचत जातं.

झायलिटॉल: मिनिटांचा हिशोब

आपल्यापैकी अनेकांच्या घरी मधुमेहामुळे 'शुगर-फ्री' वस्तू येतात. काही शुगर-फ्री सॉसमध्ये, पीनट बटरमध्ये आणि च्युइंगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं. माणसाला त्याचा त्रास नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून भराभर इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढं झायलिटॉलही यासाठी पुरतं, किलोमागे ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याची भीती असते. बिट्टूच्या वजनाला पहिला आकडा १.२ ग्रॅम येतो. लक्षणं अर्ध्या-एक तासात दिसू शकतात: झोकांड्या, थरथर, झटके.

लेबलवर हे नाव नेहमी सरळ लिहिलेलं असेलच असं नाही. अमेरिकेत 'बर्च शुगर' असंही लिहितात आणि युरोपात 'ई ९६७' असा क्रमांक दिसतो. घरात कुत्रा असेल तर ही वस्तू दुकानातच परत फडताळावर ठेवावी.

चिंच: द्राक्षांच्या कोड्याचं उत्तर

आता आमच्या चटणीकडे येते. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे पशुवैद्यांच्या लक्षात येऊन वीसेक वर्षं झाली. कारण मात्र सापडत नव्हतं. कीटकनाशकं, बुरशीचं विष, जड धातू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. एखादा कुत्रा मूठभर द्राक्षं पचवायचा आणि दुसरा तेवढ्याच द्राक्षांनी दगावायचा, हे तर अजिबातच उलगडत नव्हतं.

धागा सापडला तो घरी केलेल्या खेळण्याच्या मातीत. ही माती मऊ राहावी म्हणून तिच्यात क्रीम ऑफ टार्टर घालतात. ती खाल्लेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडांना द्राक्षांसारखीच इजा झाली होती. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे टार्टारिक आम्लाचा पोटॅशियम क्षार, आणि द्राक्ष हे हे आम्ल मोठ्या प्रमाणात असणाऱ्या थोड्या फळांपैकी एक. जातीनुसार आणि पिकण्यानुसार त्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे कुत्र्या-कुत्र्यांतल्या फरकाचाही उलगडा झाला. 'एएसपीसीए'च्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी हा तर्क २०२१ मध्ये मांडला. पुढे त्यांनी चिंच खाऊन मूत्रपिंडांना इजा झालेल्या कुत्र्यांच्या नोंदीही प्रसिद्ध केल्या.

या कथेत मग माझ्या ओळखीच्या पेशी येतात. १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडापासून पेशी वेगळ्या केल्या. 'एमडीसीके' नावाने त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. फ्लूची एक लसही त्यांच्यावर तयार होते. संशोधकांनी या पेशींवर आणि माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर टार्टारिक आम्ल घातलं. कुत्र्याच्या पेशी मेल्या, माणसाच्या तगल्या. रक्तातून असं आम्ल आत ओढून घेणारे वाहक दोघांकडे आहेत. माणसाच्या पेशीत ते लघवीच्या बाजूने बाहेर टाकणारा 'ओएटी ४' नावाचा वाहक असतो, कुत्र्याच्या पेशीत तो नसतो. आत येणारं दार उघडं आणि बाहेरचं दारच नाही, मग आम्ल आत साठत जातं. माणसाचा हा वाहक कुत्र्याच्या पेशीत बसवल्यावर ती वाचली.

चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल साधारण ८ ते १८ टक्के असतं. द्राक्षात ते एखाद्या टक्क्याच्या आसपास. आमच्या चटणीत लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ होता, अंदाजे ३० ग्रॅम गर. म्हणजे अडीच ते साडेपाच ग्रॅम आम्ल. तेवढं द्राक्षांतून मिळवायचं तर बिट्टूला पाव ते अर्धा किलो द्राक्षं खावी लागली असती! किती चिंच सुरक्षित आहे, याची रेषा अजून कोणी आखलेली नाही. म्हणून चिंचेची चटणी, पाणीपुरीचं पाणी, सांबार आणि चिंच घातलेली आमटी कुत्र्यापासून दूर. तासगावचे बेदाणेसुद्धा. टोमॅटो आणि लिंबू यांचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा, तेव्हा या यादीत ते येत नाहीत.

मीठ, तेल आणि तिखट

मिठाची विषबाधा साधारण किलोमागे दोन ग्रॅमपासून सुरू होते. बिट्टूसाठी ते २४ ग्रॅम, म्हणजे चार छोटे चमचे मीठ. लोणच्याच्या एका फोडीत एवढं नसतं. पण सोया सॉसची बाटली सांडली किंवा लोणच्याची बरणी फुटली तर तेवढं पोटात जाऊ शकतं. लोणच्याच्या तेलाने स्वादुपिंडाचा दाह होण्याचीही भीती असते. मिरची आणि मोहरी यांची कुत्र्यालाही झोंबाझोंबी होते, पोट बिघडतं. चिमूटभर हळद, जिरं किंवा धने पोटात गेले म्हणून विषबाधा होत नाही.

एक जुना उपाय मात्र कायमचा विसरा. उलटी व्हावी म्हणून कुत्र्याला मिठाचं पाणी पाजू नका. आधीच्या विषात मिठाच्या विषाची भर पडते.

"आमचा मोत्या तर..."

"गावाकडे मोत्या आमटी-भाकरीवर बारा वर्षं जगला," हे आईचं वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी म्हटलं असेल. ते खोटं नाही. पण मोत्याला मिळायची ती भाकरी, आणि तिच्यावर आमटीचा एखादा ओघळ. सबंध वाडगं त्याच्या वाट्याला कधी आलं नाही. त्याचं रक्त कोणी तपासलं नाही, त्यामुळे सौम्य रक्तक्षय झाला असता तरी "जरा मलूल दिसतोय" यापलीकडे कळलं नसतं. आणि बारा वर्षं जगलेला मोत्या आपल्याला आठवतो. तिसऱ्या वर्षी अचानक गेलेल्या कुत्र्याचं नावही लक्षात राहत नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं, पण त्या रात्री नाही. त्या रात्री ती दवाखान्याच्या खुर्चीत चटणीचा हात पदराला पुसत बसली होती. "मीच केली गं ती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिची चूक नव्हती. पीएच.डी. झालेल्या तिच्या मुलीलाही हे माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी बिट्टूला उलटी करवली आणि दोन दिवस सलाइनवर ठेवलं. रोज क्रिएटिनिन तपासलं. तिन्ही दिवस ते हद्दीत राहिलं आणि बिट्टू घरी आली. आम्ही तासाभरात पोहोचलो होतो, त्याचा मोठा वाटा होता.

काय करावं

कुत्र्याने काही खाल्लं तर लक्षणांची वाट पाहू नका. त्याचं वजन, काय खाल्लं, अंदाजे किती आणि केव्हा, एवढं लिहून घ्या, लेबलचा फोटो काढा आणि फोन करा. अमेरिकेत 'एएसपीसीए'चं विषबाधा केंद्र आणि 'पेट पॉयझन हेल्पलाइन', ब्रिटनमध्ये 'ॲनिमल पॉयझनलाइन', ऑस्ट्रेलियात 'ॲनिमल पॉयझन्स हेल्पलाइन' आहे. यांचे क्रमांक आजच फ्रिजवर लावून ठेवा. फोनवर 'टॅमरिंड' हा शब्द स्पष्ट सांगा. नुसतं 'चटणी' म्हटलं तर समोरच्याला आंब्याचा गोड मुरंबा वाटू शकतो. घरच्या उपायाने उलटी करवू नका.

आणि खाऊ घालण्याची हौस? ती भागवायचा रस्ता आईनेच काढला. डाळ-भात शिजला की मीठ, हिंग, चिंच, कांदा-लसूण पडायच्या आधी ती बिट्टूसाठी दोन चमचे भात आणि डाळ बाजूला काढते, निववते आणि मगच फोडणी करते. गावाकडे ती जेवणाआधी गायीचा घास काढायची, तसाच हा. बिट्टूलाही वेळ कळली आहे. कुकरच्या शिट्ट्या थांबल्या की ती ओट्यापाशी येऊन बसते, आणि मोहरी तडतडायच्या आत तिचं जेवण झालेलं असतं.