तापनियंत्रकावरील चिन्हे आणि त्यांचा अर्थनिर्णय

‘थर्मोस्टॅट’ ह्या ग्रीक घटकांनी घडविलेल्या संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘उष्णता स्थिर ठेवणारा’ असा होतो. परंतु अमेरिकेतील घरांतून आढळणाऱ्या ‘प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट’चे कार्य प्रहरानुसार तापमान बदलण्याचे आहे. संज्ञा व कार्य यांतील ही विसंगती निरुपद्रवी होय. मात्र याच उपकरणावरील इतर चिन्हांचा विपरीत अर्थ लावल्यास हानी संभवते. म्हणून त्याच्या जोडणीचा विचार येथे चिन्हव्यवस्थेच्या दृष्टीने केला आहे.

प्रथम भट्टीचा व शीतनयंत्राचा वीजपुरवठा मुख्य फलकावरून बंद करावा. जुन्या नियंत्रकावर १२० वा २४० व्होल्ट असा निर्देश असल्यास काम तेथेच थांबवावे. प्रस्तुत विवेचन २४ व्होल्टच्या व्यवस्थेपुरतेच आहे. आत पाऱ्याची काचनळी आढळल्यास ते उपकरण केरात टाकू नये.

तारा सोडविण्यापूर्वी प्रत्येकीस तिच्या अग्रावरील अक्षराची चिठ्ठी बांधावी. ‘आर’ हे अक्षर वीजपुरवठ्याचे, ‘डब्ल्यू’ तापनाचे, ‘वाय’ शीतनाचे, ‘जी’ पंख्याचे आणि ‘सी’ सामायिक परतीच्या तारेचे द्योतक आहे. पहिली चार अक्षरे म्हणजे तांबडा, पांढरा, पिवळा व हिरवा या रंगांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे होत. पाचवे मात्र कार्यवाचक आहे. नवशिक्याची फसगत होते ती येथेच. पिवळी तार आणि ‘वाय’ अग्र यांचा संबंध स्वाभाविक नसून सांकेतिक आहे, आणि पूर्वीच्या कारागिराने तो संकेत पाळलाच असेल असे नाही. तेव्हा रंग नव्हे, अक्षर प्रमाण मानावे. वीज चालू असता ‘आर’ व ‘सी’ यांच्या तारा एकमेकींस चिकटल्या, तर फ्यूज वितळतो किंवा रोहित्र जळते.

जोडणीनंतर वार व वेळ लावून दिवसाचे चार कालखंड योजावेत : जागे होणे, बाहेर पडणे, परतणे आणि निजणे. हिवाळ्यात पहिल्या व तिसऱ्या खंडास ७० अंश फॅरनहाइट (सुमारे २१ सेल्सिअस), इतर दोहोंस ६२ अंश (सुमारे १७ सेल्सिअस) ही नेहमीची मांडणी होय. रोज आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने उतरविल्यास तापन-शीतनाच्या वार्षिक खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. उष्णता-पंप असलेल्या घरास मात्र हा नियम सरसकट लागू करू नये.

ही बचत अखेर एका शब्दावर अवलंबून असते. ‘होल्ड’ ही कळ दाबली म्हणजे आपण केलेली योजना कायम झाली, असा समज सहज होतो. वस्तुतः त्या कळीने योजना स्थगित होते व एकच तापमान अखंड राहते. योजना चालू ठेवणारी कळ ‘रन’ ही होय. अपेक्षित बचत प्रत्यक्ष वापरात सिद्ध होत नसल्यामुळे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या नियंत्रकांना ‘एनर्जी स्टार’ हे चिन्ह देणे २००९ च्या अखेरीस थांबविले. यंत्र सदोष नसतानाही त्याची भाषा दुर्बोध असल्यास ते निष्फळ ठरते, हे यावरून ध्यानात यावे.