चार पत्ते, एक टपालपेटी

गेल्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्याच्या ईमेलवर मुंबईच्या एका रुग्णालयाचं पत्र आलं. मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या तपासणीची तारीख त्यात होती. ते पत्र आम्ही उघडलं तेव्हा तारीख उलटून दोन दिवस झाले होते. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. तिच्या आईनं मला विचारलं, "सर, पत्र कुठं हरवलं होतं?" पत्र हरवलं नव्हतं. ते वेळेवर आलं होतं, पण त्या खात्यात नऊ दिवस कुणी डोकावलंच नव्हतं.

आपल्या कामाचे चार ईमेल पत्ते आहेत: कार्यालय, आश्रमशाळा, दवाखाना आणि देणगी विभाग. प्रत्येक पत्ता त्या त्या वेळच्या गरजेतून निघाला. काढून देणारे कार्यकर्ते बदलून गेले आणि पासवर्ड वहीत राहिले. चार खाती रोज उघडायची म्हणजे चारदा लॉगिन, तेही रेंज असेल तेव्हा. मग रोज एकच उघडलं जातं.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यांत गल्लत होते. पहिला मोबाइलवरचा. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये चारही खाती जोडली की 'ऑल इनबॉक्सेस'मध्ये सगळी पत्रं एकाखाली एक दिसतात. पण ती दिसतात त्या एका फोनवर. तो फोन घेऊन कार्यकर्ता पाड्यावर गेला, की कार्यालय पुन्हा आंधळं. म्हणून आम्ही दुसरा उपाय केला, फॉरवर्डिंगचा.

हे अ‍ॅपमधून होत नाही, संगणकावर ब्राउझरमध्येच करावं लागतं. आधी दवाखान्याचं खातं उघडलं. सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' या पानावर कार्यालयाचा पत्ता घातला. त्या पत्त्यावर खात्री करणारं पत्र आलं, त्याला होकार दिला. इथंच बरेच जण थांबतात, आम्हीही थांबलो होतो आणि दोन दिवस काहीच येईना. पुन्हा त्याच पानावर जाऊन फॉरवर्ड करण्याचा पर्याय निवडायचा, मूळ खात्यात प्रत ठेवायची आणि खाली 'सेव्ह चेंजेस' दाबायचं. यापुढे येणारीच पत्रं पुढं जातात. जुनी तिथंच राहतात.

मग कार्यालयाच्या खात्यात फिल्टर केले. दवाखान्याच्या पत्त्यावर आलेल्या पत्राला लाल लेबल, शाळेच्या पत्राला हिरवं. सकाळी आधी लाल बघायचं, एवढाच नियम.

उत्तराचा प्रश्न राहिला. रुग्णालयाला कार्यालयाच्या पत्त्यावरून उत्तर गेलं, तर हे कोण लिहितंय असा गोंधळ होतो. 'अकाउंट्स अँड इंपोर्ट'मधल्या 'सेंड मेल अ‍ॅज' इथं दवाखान्याचा पत्ता जोडला आणि ज्या पत्त्यावर पत्र आलं त्याच पत्त्यावरून उत्तर जावं, हा पर्याय निवडला. आता घोळ होत नाही.

तरी मूळ खाती विसरून चालत नाही. स्पॅममध्ये पडलेलं पत्र पुढं येत नाही, आणि जीमेल ते 30 दिवसांनी पुसून टाकतं. शिवाय दोन वर्षं वापरात नसलेलं खातं गुगल बंद करून त्यातला मजकूर काढून टाकू शकतं. त्यामुळे दर सोमवारी चारही खाती एकदा उघडतो आणि स्पॅम चाळतो. पंधरा मिनिटं लागतात, रेंजनं साथ दिली तर.

एक गोष्ट मात्र मला खटकली. देणगीदारांचे पॅन क्रमांक आणि रुग्णांचे अहवाल एकाच पेटीत येऊ लागले, आणि ती पेटी कार्यालयातले सहाजण उघडत होते. म्हणून पासवर्ड बदलला. आता तो माझ्याकडे आणि दवाखान्याच्या सिस्टरांकडे आहे. देणगीची पत्रं मुद्दाम या पेटीत आणलेली नाहीत, ती हिशेबनीस वेगळी बघतात. थोडी गैरसोय होते, होऊ द्या.

त्या मुलीची शस्त्रक्रिया दिवाळीआधी झाली. आता ती आश्रमशाळेत पहिलीत बसते. पुढच्या तपासणीचं पत्र आलं ते लाल लेबल लागून, आणि त्याच दुपारी आम्ही पाड्यावर निरोप धाडला.

हितचिंतकांनी जुन्याच पत्त्यांवर लिहावं. एकही पत्ता बदललेला नाही.