विश्लेषण : गॉगल घातल्यावर मोबाइलचा स्क्रीन काळा का पडतो?

वाशी ते बेलापूर दरम्यानच्या पाम बीच मार्गावर संध्याकाळी उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येते. म्हणून अनेक जण पोलराइज्ड गॉगल वापरतात. पण गाडी बाजूला घेऊन त्याच गॉगलमधून मोबाइलवर नकाशा पाहिला, तर काही फोनचा स्क्रीन काळपट दिसतो. फोन बिघडलेला नसतो. मग होते काय?

गॉगल काय अडवतो?

प्रकाश ही लहर आहे. सूर्यप्रकाशात तिची कंपने सर्व दिशांना असतात. पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात मात्र आडवी कंपने जास्त असतात. एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश म्हणजे ध्रुवीकृत प्रकाश. पोलराइज्ड गॉगल आडवी कंपने अडवतो, त्यामुळे चकाकी कमी होते.

मोबाइलमध्ये ‘सेंद्रिय’ काय असते?

ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रकाश देणारे थर कार्बनी रेणूंचे, म्हणजेच सेंद्रिय अर्धवाहकांचे असतात. येथे ‘सेंद्रिय’चा शेतीशी संबंध नाही. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अशा पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर चांगला प्रकाश मिळवून दाखवला. या थरांत रेणू साधारणपणे विस्कळीत असल्याने निघणारा प्रकाश ध्रुवीकृत नसतो.

मग स्क्रीन काळा का?

थराखालचा धातूचा इलेक्ट्रोड आरशासारखा असतो. बाहेरचे ऊन त्यावरून परतले, तर चित्र फिकट दिसेल. ते रोखण्यासाठी स्क्रीनवर ध्रुवक फिल्म लावतात. तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. ही दिशा गॉगलच्या आड आली की स्क्रीन काळा पडतो. फोन फिरवला की पुन्हा दिसू लागतो.

नुकसान कोणाचे?

बॅटरीचे. ही फिल्म स्क्रीनचाही निम्म्याहून अधिक प्रकाश गिळते. त्यामुळे तेवढाच उजेड मिळवण्यासाठी जास्त वीज लागते. २०२१ मध्ये सॅमसंगने घडीच्या फोनमध्ये ही फिल्म काढून वेगळी रचना वापरली. त्यामुळे विजेचा वापर २५ टक्क्यांपर्यंत कमी होतो, असा कंपनीचा दावा आहे.

स्फटिकांचा उपयोग काय?

अँथ्रासीन, रुब्रीन यांसारख्या सेंद्रिय अर्धवाहकांच्या स्फटिकात रेणू शिस्तीत रचलेले असतात. त्यामुळे स्फटिक काही दिशांची कंपने जास्त शोषतो, काहींची कमी. त्यातून निघणारा प्रकाशही मुळातच बऱ्याच अंशी ध्रुवीकृत असू शकतो. फिल्मला चालेल असाच प्रकाश थरातून मिळाला, तर तो वाया जाणार नाही. अडचण अशी, की निर्दोष स्फटिक मोठ्या पृष्ठभागावर वाढवणे कठीण आहे. विस्कळीत थर मात्र निर्वात कक्षात वाफेपासून सर्वत्र सारखा बसवता येतो. म्हणून स्फटिकांचे काम अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

गॉगल खरा कसा ओळखावा?

पोलराइज्ड गॉगल लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन जवळपास काळा पडला, तर गॉगल पोलराइज्ड आहे. काहीच फरक पडला नाही, तर ती बहुधा केवळ रंगीत काच आहे.