विश्लेषण : मध खाणारा ‘विनी-द-पू’ पडद्यावर खुनी कसा झाला?

मुलांचा लाडका ‘विनी-द-पू’ 2023 मध्ये ‘ब्लड अँड हनी’ या ब्रिटिश भयपटात चक्क माणसांचे मुडदे पाडताना दिसला. यासाठी डिस्नेची परवानगी लागली नाही का?

कायदा काय सांगतो?
ए. ए. मिल्न यांचे मूळ पुस्तक 1926 चे. अमेरिकेतील 95 वर्षांची मुदत संपली आणि 1 जानेवारी 2022 पासून ते सर्वांसाठी खुले झाले. मात्र पूचा लाल सदरा नंतरचा, म्हणून चित्रपटात तो नाही. 1928 च्या पुस्तकात अवतरलेला टिगर वाघही 2024 च्या दुसऱ्या भागातच आला. 1928 च्या ‘स्टीमबोट विली’मधील मिकी माउस 2024 मध्ये खुला होताच त्याच्यावरही भयपट आले.

असे चित्रपट का निघतात?
नाव आयतेच प्रसिद्ध, खर्च कमी. ‘ब्लड अँड हनी’ला सर्वांत वाईट चित्रपटासह पाच रॅझी पुरस्कार मिळाले, तरी कमाई खर्चाच्या कित्येक पट झाली.

भारतात काय?
येथे पुस्तकावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो.

पालकांनी काय पाहावे?
मोठ्यांना यातली काळी गंमत कळते; मूल मात्र ओळखीचा चेहरा पाहून बोट लावते. त्यामुळे मोबाइल हातात देण्यापूर्वी पात्राचे नाव नव्हे, वयोगटाची खूण तपासावी.