सोयाबीनची सोंगणी आणि शाळेचा पट

मेहकर तालुक्यात सोयाबीनची सोंगणी साधारण सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. पाऊस उघडला की ज्याला त्याला घाई. शेंगा तडकल्या तर दाणे वावरातच सांडतात. मजूर मिळेनासे झाले म्हणजे घरातली सगळी माणसे इळे घेऊन निघतात आणि पाचवी-सहावीतली पोरगी धाकट्या भावाला सांभाळीत धुऱ्यावर बसते. नेमक्या याच दिवसांत शाळेतही एक हिशेब पक्का होतो. ३० सप्टेंबरला शाळेच्या पटावर किती मुले आहेत, त्यावरून त्या शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरते. याला संचमान्यता म्हणतात. शब्द अवघड वाटेल, पण फेरफार आणि आणेवारी हे शब्द आपण शिकलोच की!

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक धरले आहेत. राज्याने संचमान्यतेचे नियम पुढे वेळोवेळी बदलले, पण पट घटला की जागा जाते हे सूत्र तेच राहिले. ६३ मुलांच्या शाळेतून चार मुले काढली की ५९ उरतात, आणि तिसऱ्या गुरुजींची जागा धोक्यात येते. मग दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. त्यातले एक सभेला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, तर त्या दिवशी पाचही वर्ग एकाच्याच गळ्यात. अशा शाळेत अभ्यास मागे पडला तर दोष कोणाचा?

डोणगाव हे हमरस्त्यावरचे मोठे गाव आहे. तिथे एका शाळेतून मूल काढले तरी दुसरी शाळा असते. भोवतालच्या लहान गावांची गोष्ट निराळी. रस्ते सुधारले तशी खाजगी शाळेची गाडी दारापर्यंत येऊ लागली, आणि ज्याला फी झेपते त्याने मूल त्या गाडीत बसविले. त्यात आईबापांना दोष देण्यासारखे काही नाही. पण मागे उरतात ती शेतमजुरांची मुले आणि बऱ्याच घरांतल्या मुली. मुलाला गाडी आणि मुलीला गावची शाळा, हा हिशेब आपल्याकडे अजून चालतो. पट फारच खाली गेला तर शाळाच जाते. २०१७ साली राज्यात दहापेक्षा कमी मुले असलेल्या १,३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. शाळा गेली की शेजारच्या गावापर्यंतची वाट किती लांब होते, ते मुलीच्या आईला विचारावे. शिवाय गुळगुळीत पुस्तके असली म्हणजे आतले ज्ञान मुरतेच असे नाही. बियाण्याच्या रंगीत पिशव्यांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

तेव्हा शाळा कोणतीही असो, मुलाला काय येते हे घरीच पाहावे. 'असर' नावाच्या पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या १०० मुलांपैकी सुमारे २३ जणांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हाच आकडा सुमारे १६ होता. सुधारणा आहे, पण शंभरातली ७७ मुले अजून अडखळतात.

घरच्या परीक्षेला पुस्तकही लागत नाही. चौथीच्या मुलाला सोयाबीनच्या पिशवीवरचे लेबल वाचायला द्यावे. एकरी ३० किलो बियाणे लागते, तर साडेतीन एकरांना किती, हे पाचवीच्या मुलीला विचारावे. १०५ हे उत्तर कागदावर मांडून आले तरी पुरे. थोड्या मोठ्या मुलांकडून उगवणशक्ती तपासून घ्यावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे ठेवावेत, वरून ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि ती ओलसर राखावी. आठवड्याने कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे चांगले. ६५ उगवले तर एकरी ३० किलोऐवजी सुमारे सव्वाबत्तीस किलो घ्यावे लागते. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलाने करावा. बियाण्याचीही परीक्षा झाली आणि गणिताचीही.

आम्ही नवीन वाण रुजवायचे तर आधी एका शेतात प्रात्यक्षिक करतो आणि मग शिवारफेरी काढतो. शाळांतही हे घडले आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी मुलांना गटागटाने जमिनीवर बसविले, फरशीवर अक्षरे आणि अंक आखले, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून दशक शिकविले. फार पैशाची सामग्री नव्हती. राज्यभरातून शिक्षक तिथे पाहायला गेले. पुढे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम निघाला. आपल्या गुरुजींनी असे काही करायचे ठरविले तर काड्या, खडे, चिंचोके पुरविणे गावाला जड नाही.

पैशाचीही थोडी माहिती असावी. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान धरलेले असते. ३० च्या वर १०० मुलांपर्यंत २५,००० रुपये आणि १०० च्या वर २५० पर्यंत ५०,००० रुपये, असे ते प्रमाण आहे. प्रत्यक्ष किती आले, केव्हा आले, कशावर खर्चले, हे विचारण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला आहे. या समितीत किमान ७५ टक्के सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. पुष्कळ ठिकाणी या बायांची सही घरपोच घेतली जाते, तेवढाच त्यांचा सहभाग. ही रीत मोडली पाहिजे. सोसायटीच्या सभेत खताच्या एका गोणीसाठी तासभर भांडणारे आपण, शाळेच्या सभेला फिरकत नाही हेही खरेच.

आणखी एक गोष्ट अनेक घरी ठाऊक नाही. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. नापास झाल्यास पुन्हा एक संधी मिळते, तीही हुकली तर मूल त्याच वर्गात राहते. सोंगणीचे पंधरा दिवस, मग कापूस वेचणीचे येते-जाते दिवस, अशी गैरहजेरी साठत गेली तर ती एप्रिलमध्ये दिसते. ज्यांना कामासाठी बाहेरगावी जावे लागते त्यांनी मुलाला आजीजवळ ठेवता येते का ते पाहावे. हंगामी वसतिगृहाची सोय शासनाच्या योजनेत आहे. तिची चौकशी निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे करावी, गेल्यावर निरोप पाठवून उपयोग होत नाही.

समितीची सप्टेंबरची सभा सोंगणीच्या आधी घ्यावी. कोणत्या घरची मुले वावरात जाणार आहेत हे गावात सगळ्यांना माहीत असते, त्यांची नावे तिथेच काढावीत आणि लहान भावंडे अंगणवाडीत बसविता येतील का ते ठरवावे. सभेची वेळ मात्र संध्याकाळी सातनंतरची असावी. दिवसा बोलावले तर आया येणार नाहीत.